सरावाची पहिली पंधरा मिनिटं गुडघ्यांना द्या: कबड्डीच्या प्रशिक्षकांना आणि जिल्हा संघटनांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील जिल्हा कबड्डी संघटनांचे पदाधिकारी,
क्लब आणि शाळांचे कबड्डी प्रशिक्षक,
शारीरिक शिक्षणाचे शिक्षक

विषय: मुलींच्या गुडघ्यातील एसीएल या अस्थिबंधाची दुखापत टाळण्यासाठी रोजच्या सरावात करायचा बदल

सप्रेम नमस्कार.

मी क्रीडा फिजिओथेरपिस्ट आहे. कॉलेजात असताना डावा कोपरा खेळायचे. आता खेळाडूंचे गुडघे पुन्हा उभे करणं हेच माझं काम. या पत्रात एकच गोष्ट सांगायची आहे. कबड्डीतल्या मुलींचे गुडघे जसे तुटताहेत, त्यातला मोठा भाग टाळता येतो. टाळण्याची रीत माहीत आहे, तिला पैसे लागत नाहीत आणि ती तुमच्या हातात आहे, माझ्या नाही. माझ्याकडे मुलगी येते तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

येणाऱ्या मुली साधारण पंधरा ते वीस वर्षांच्या. सोबत वडील किंवा सर. कोणी धक्का दिला का, कोणी अंगावर पडलं का, असं विचारलं की पुष्कळदा उत्तर येतं, ‘नाही.’ चढाईवर होती, कोपरा रक्षक मुलीने पुढे झेप घेतली, ती सटकन मागे वळली, पाय रोवला आणि आतून कट् असा आवाज आला. किंवा बोनस घेऊन फिरताना. किंवा साखळीवरून उडी मारून एका पायावर उतरताना. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजतो. एमआरआयमध्ये एसीएल तुटलेला दिसतो. सर हळहळतात, म्हणतात, ‘नशीब बघा, जिल्ह्याच्या निवडीत होती.’ त्यांची हळहळ खरी असते. पण याला नशीब म्हणणं मला मान्य नाही.

आधी हे होतं कसं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढची मागणी पटायची नाही.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत, मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत तिरका जाणारा अस्थिबंध. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि गुडघा आतल्या आत पिळू न देणं, हे त्याचं काम. तो दुबळा नाही. प्रयोगशाळेत तरुण माणसाचा एसीएल ताणून तोडायला दोन हजार न्यूटनहून जास्त बल लागतं, म्हणजे दोनशे किलोपेक्षा अधिक वजन टांगल्याएवढं. मग पन्नास किलोच्या मुलीचा तो कोणी हात न लावता कसा तुटतो? तीन गोष्टी एकाच क्षणी घडतात म्हणून. पाय जवळजवळ सरळ ठेवून ती जमिनीवर येते. गुडघा कमी वाकलेला असताना मांडीचा पुढचा मोठा स्नायू नडगीला पुढे ओढतो आणि त्या कोनात मागचा हॅमस्ट्रिंग तिला नीट मागे धरू शकत नाही. त्याच वेळी गुडघा आत कलतो. आणि धड वळायच्या उलट दिशेला झुकलेलं असल्याने जमिनीकडून येणारं बल गुडघ्याच्या बाहेरून जातं आणि त्याला आणखी आत ढकलतं. यातलं एकेकटं काही झालं तर एसीएल सहसा निभावून नेतो.

आता वेळेचा हिशोब. माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे. हिदेयुकी कोगा हे जपानी संशोधक आणि ऑस्लोच्या क्रीडा-दुखापत संशोधन केंद्रातले त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हँडबॉल आणि बास्केटबॉल खेळताना एसीएल तुटलेल्या दहा जणींच्या दुखापतींचं, एकाहून अधिक कॅमेऱ्यांनी टिपलेलं चित्रण त्यांनी मिळवलं. संगणकातला मानवी सांगाडा त्या चित्रणावर एकेका चौकटीत जुळवत नेला आणि प्रत्येक क्षणी गुडघा किती वाकला, किती आत गेला, किती पिळला, ते मोजलं. निष्कर्ष असा की पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत एसीएल तुटतो. टीव्हीच्या चित्रणात सेकंदाला २५ चौकटी असतात, म्हणजे एका चौकटीपासून पुढच्या चौकटीपर्यंत ४० मिलिसेकंद. एका चौकटीत पाय टेकलेला दिसतो, पुढचीत गुडघा गेलेला असतो.

माणसाला काही जाणवून, मेंदूने ठरवून, स्नायूंनी मुद्दाम ताकद लावायची तर दीडशे ते दोनशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे गुडघा आत चाललाय हे तिला कळेपर्यंत सगळं संपलेलं असतं. ‘गुडघा सांभाळ’ असं बाहेरून कितीही ओरडलं, तिने मनात कितीही घोकलं, तरी त्या क्षणात शिरायला जागा नाही. वाचवणारी गोष्ट पाय टेकण्याआधीच शरीरात तयार असावी लागते. हॅमस्ट्रिंग आधीच आवळलेला, गुडघा आधीच थोडा वाकलेला, धड सरळ. ही तयारी विचाराने होत नाही, सवयीने होते, आणि सवय लावण्याचं काम प्रशिक्षकाचं आहे. म्हणून हे पत्र डॉक्टरांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

आता आपल्या खेळाकडे बघा. महिलांचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. मध्यरेषेपासून अंतिम रेषा ६ मीटरवर, निदान रेषा ३ मीटरवर. एवढ्याशा जागेत ३० सेकंदांची चढाई. सरळ धावण्याला इथे वावच नाही. सगळा खेळ थांबण्याचा, वळण्याचा आणि अंदाज चुकवण्याचा. तेही समोरचीने काय केलं ते बघून, ऐनवेळी. पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात थॉर बेसियर यांच्या गटाने २००१ मध्ये मोजून दाखवलं की आधी ठरवून घेतलेल्या वळणापेक्षा ऐनवेळी घेतलेल्या वळणात गुडघ्याला आत ढकलणारं आणि पिळणारं बल कितीतरी वाढतं, काही बाबतींत दुपटीपर्यंत. चढाईपटूचं एकही वळण पूर्ण ठरवून घेतलेलं नसतं. आणि आपण सरावाच्या सुरुवातीला काय करून घेतो? मैदानाला फेऱ्या. मग ओळीत उभं राहून ताण देण्याचे व्यायाम. फेऱ्यांनी अंग गरम होतं, दमही वाढतो, पण थांबायला आणि वळायला शिकवणारं त्यात काही नाही.

पर्थच्याच विद्यापीठात पुढे ॲलस्डेअर डेम्प्सी यांनी वळण्याची ढबच तपासली. पाय शरीरापासून फार लांब टाकला आणि धड उलट्या बाजूला कललं की गुडघ्यावरचं बल वाढतं, हे २००७ मध्ये दिसलं. दोन वर्षांनी दिसलं की पाय अंगाजवळ टाकायला आणि धड सरळ ठेवायला काही आठवडे शिकवलं की तेच बल कमी होतं. म्हणजे वळणं ही शिकवता येणारी गोष्ट आहे. तुम्ही पट कसा काढायचा, हात कुठे घालायचा, खांदा कुठे लावायचा हे मुलींना शिकवताच. वळताना पाऊल कुठे पडावं हे शिकवणं त्याहून अवघड नाही.

‘हे सगळं प्रयोगशाळेतलं, मैदानावर काय?’ असं कोणी विचारेल. योग्य प्रश्न आहे. मैदानावरचा सगळ्यात भक्कम पुरावा नॉर्वेचा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हँडबॉलच्या १२० क्लबांमधले पंधरा ते सतरा वर्षांचे १,८३७ खेळाडू होते. चिठ्ठ्या टाकाव्या तसे क्लब दोन गटांत वाटले. एका गटाने सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं धावणं, वळणं, उतरणं, तोल आणि ताकद यांचे ठरावीक व्यायाम केले, दुसऱ्याने नेहमीचाच सराव. पहिल्या गटात गुडघ्याच्या आणि घोट्याच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. तीन वर्षांनी १२५ क्लबांमधल्या तेरा ते सतरा वर्षांच्या फुटबॉलपटू मुलींवर अशीच चाचणी झाली. एकूण दुखापती साधारण एक-तृतीयांशाने घटल्या आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्या झाल्या. ज्या संघांनी व्यायाम नेमाने केले त्यांना फायदा जास्त, अधूनमधून करणाऱ्यांना कमी. हे खेळ कबड्डी नव्हेत, मान्य. पण हँडबॉलमध्येही लहानशा मैदानावर, समोर बचाव उभा असताना, एका पायावर थांबून दिशा बदलायची असते. गुडघा दोन्हीकडे सारखाच मोडतो. पकडीत चार जणी अंगावर कोसळून होणारी दुखापत या व्यायामांनी टळेल असं मी म्हणत नाही. माझं बोलणं कोणी हात न लावता झालेल्या दुखापतींबद्दल आहे.

नॉर्वेचाच आणखी एक अनुभव संघटनांनी मनावर घ्यावा. तिथल्या महिला हँडबॉलमध्ये ग्रेथे मिक्लेबुस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा उपक्रम राबवून एसीएलच्या दुखापती कमी केल्या. अभ्यास संपला, संशोधक आपापल्या कामाला लागले, तसे क्लब हळूहळू जुन्या सवयीवर आले आणि दुखापती पुन्हा वाढल्या. नंतर प्रशिक्षकांसाठी पुन्हा वर्ग घेतले, माहिती पोहोचवली, तेव्हा आकडे परत खाली आले. म्हणून एखादं शिबिर आणि एखादं व्याख्यान मी मागत नाही. हा भाग प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमात आणि पंचांच्या वर्गाइतक्याच नेमाने दर वर्षीच्या उजळणीत यायला हवा.

आता करायचं काय ते. उपकरण एकही लागत नाही.

लंगडीपासून सुरुवात करा. आपल्या मुली लहानपणापासून लंगडी घालतात आणि गुडघ्याच्या या व्यायामांचा गाभाच एका पायावरची उडी आहे. फक्त प्रत्येक उडीनंतर दोन अंक मोजेपर्यंत त्याच पायावर थांबायचं. गुडघा वाकलेला, पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या वर, आत न ढळलेला. पुढे, मग बाजूला, मग वळून. आठवडाभराने जोडीदारणीने खांद्याला हलका धक्का द्यायचा आणि तरी तोल राखायचा. एका पायावरची अर्धी बैठक अशीच, गुडघ्याची दिशा सांभाळून. मग दोन पायांवर उडी मारून उतरणं, नंतर एका पायावर. मॅटवर धप्प असा आवाज आला की उतरणं कडक झालं. ‘आवाज न करता उतर’ एवढीच सूचना द्या. गुडघा इतका वाकव, नितंब मागे घे, असं अवयव मोजून सांगण्यापेक्षा बाहेरच्या परिणामाकडे लक्ष वेधलं की हालचाल लवकर आणि पक्की शिकली जाते, असं गॅब्रिएले वुल्फ यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनात दिसलं आहे. मल्लखांबाच्या उस्तादांनी हे फार पूर्वीपासून ओळखलं असावं. त्यांची पोरं खांबावरून उतरतात ती कशी, हे एकदा शेजारच्या आखाड्यात जाऊन मुलींना दाखवा.

हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक व्यायाम. मुलीने गुडघ्यांवर उभं राहायचं, मागून जोडीदारणीने दोन्ही घोटे दाबून धरायचे आणि डोक्यापासून गुडघ्यापर्यंत शरीर सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकत जायचं. शेवटी हातांवर यायचं. पहिल्या आठवड्यात तीन ते पाच वेळा पुरे, जास्त केलं तर दोन दिवस चालता येणार नाही. घोटे घट्ट धरणं कबड्डीच्या पोरींना शिकवावं लागत नाही. या व्यायामाने हॅमस्ट्रिंग फाटण्याच्या दुखापतीही साधारण निम्म्या होतात, आणि चढाईपटूंमध्ये त्या काही थोड्या नसतात.

शेवटी वळणं. मुलगी तुमच्याकडे धावत येईल. शेवटच्या दोन पावलांवर तुम्ही डावा किंवा उजवा हात वर करायचा आणि तिने त्या बाजूला वळायचं. पाऊल अंगाजवळ, छाती जायच्या दिशेला. हात उशिरा वर करण्यातच सगळी गंमत आहे, कारण कोपरा रक्षकही आधी सांगून येत नाही. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि तिचं तिला दाखवा. या मुली स्वतःची चूक एकदा डोळ्यांनी बघितली की पुढचं आपोआप सुधारतात, हे मी रोज पाहते.

एक गोष्ट मात्र या चित्रणाचा आधार घेऊन करू नका, ती आवर्जून सांगते. अमेरिकेत सिनसिनाटीला टिमथी हेवेट यांच्या गटाने २०५ खेळाडू मुलींच्या उड्या मोजल्या. पुढे त्यांतल्या नऊ जणींचा एसीएल तुटला आणि त्यांचे गुडघे उतरताना इतरांपेक्षा सरासरी ८ अंश जास्त आत कललेले होते. २००५ मधला हा अभ्यास गाजला आणि उडी बघून कोणाचा गुडघा जाणार ते ओळखता येईल अशी आशा निर्माण झाली. पण नॉर्वेत सातशेहून अधिक अव्वल महिला खेळाडूंवर तशीच चाचणी वापरून त्रोन क्रोसहॉग यांनी २०१६ मध्ये दाखवलं की पुढे कोणाला दुखापत होईल हे तिच्यावरून सांगता येत नाही. आत कलणारे कितीतरी गुडघे वर्षानुवर्षं शाबूत राहतात आणि चांगले दिसणारे तुटतात. म्हणून ‘हिचा गुडघा कच्चा आहे’ असा शिक्का मारून कोणत्याही मुलीला संघाबाहेर काढू नका. व्यायाम सगळ्यांनी करायचे, ज्यांच्या उड्या छान दिसतात त्यांनीही.

मॅटबद्दलही बोलायला हवं. आपला खेळ मातीतून मॅटवर गेला, त्याने खेळाचा वेग वाढला, प्रेक्षक वाढले, हे चांगलंच झालं. पण मातीत पाऊल थोडं घसरतं आणि मॅटवर बूट घट्ट धरतो. नॉर्वेतच हँडबॉलच्या लाकडी आणि जास्त पकड असलेल्या कृत्रिम मैदानांची तुलना झाली होती. कृत्रिम मैदानावर महिलांना एसीएलच्या दुखापतीचा धोका दुपटीहून अधिक निघाला. आपल्या तालुक्यातल्या मुली वर्षभर मातीवर अनवाणी सराव करतात आणि थेट स्पर्धेच्या दिवशी बूट घालून मॅटवर उतरतात. जिल्हा संघटनांच्या मॅट बहुतेक वेळ गुंडाळून ठेवलेल्या असतात. स्पर्धेआधीचे काही दिवस त्या तालुक्यातल्या संघांना द्या. बुटांची सवय आधीपासून होऊ द्या. सामन्याआधी जोड उसवलेत का, पाणी सांडलंय का, धूळ बसलीय का हे बघण्याचं काम नेमक्या एका माणसाकडे असू द्या.

मुलींना हा धोका का जास्त, हेही विचारलं जातं. सारख्याच खेळात मुलींच्या एसीएलचं प्रमाण मुलांच्या दोन ते तीन पट, कधी त्याहून जास्त आढळतं. वयात येताना उंची आणि वजन झपाट्याने वाढतं, मुलांत त्यासोबत स्नायूंची ताकदही तशीच वाढते, मुलींत तितकी नाही. शिवाय त्या वयातल्या किती मुलींना आपण वजन उचलायला, ताकदीचा व्यायाम करायला देतो? ‘मुलीची जात आहे, अंग बोजड होईल’ असं आजही मैदानावर ऐकू येतं. हे थांबवा. तेरा-चौदाव्या वर्षीच हे व्यायाम सुरू व्हायला हवेत, म्हणजे शालेय स्पर्धांच्या वयात.

आणि ज्यांचा गुडघा गेलाच आहे, त्यांच्याविषयी. शस्त्रक्रियेनंतर सहाव्या महिन्यात सूज नसते, चालणं नीट होतं आणि निवड चाचणी तोंडावर आलेली असते. पोलिसात, रेल्वेत, बँकेत खेळाडू म्हणून लागण्याची आशा, क्रीडा आरक्षणातली नोकरी, हे सगळं एका प्रमाणपत्रावर अवलंबून असतं. मग मुलगी दुखणं लपवते, घरचेही लपवतात. मी त्यांना दोष देत नाही. पण नॉर्वे आणि अमेरिकेच्या २०१६ मधल्या एकत्र अभ्यासात हेगे ग्रिंडेम यांना आढळलं की नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितकं लांबवलं, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा गुडघ्याची दुखापत होण्याचं प्रमाण निम्म्याने कमी झालं. आणि एसीएल तुटलेल्यांपैकी साधारण निम्म्या जणांना पुढच्या दहा ते वीस वर्षांत त्या गुडघ्यात संधिवाताची झीज दिसू लागते. पंचविशीत नोकरी लागलेली मुलगी चाळिशीत जिना चढताना कठडा धरते, हे मी पाहिलेलं आहे. संघटनांनी असा नियम करावा की शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला नऊ महिने आणि ताकदीची तपासणी पूर्ण होईपर्यंत सामन्यात उतरवता येणार नाही, आणि त्याच वेळी तिला पुढच्या हंगामाच्या निवड शिबिरात थेट जागा मिळेल. दोन्ही एकत्र हवं. नुसती बंदी घातली तर लपवाछपवी वाढेल.

सुरुवात यंदा पावसाळ्यानंतर मैदानं तयार होतील तेव्हा करता येईल. नॉर्वेच्या हँडबॉल क्लबांनी सलग पंधरा सरावांत हे व्यायाम केले आणि नंतर आठवड्यातून एकदा चालू ठेवले. तुम्हीही हंगामाचे पहिले पंधरा सराव याला द्या. फेऱ्यांच्या जागी हे घाला, म्हणजे वेळ वाढत नाही.

सोबत एक वही ठेवा. दुखापत झाली की त्याच दिवशी लिहा: तारीख, वय, माती की मॅट, बूट की अनवाणी, चढाई की पकड, कोणाचा स्पर्श झाला होता का, कोणता पाय, किती दिवस बाहेर. नाव लिहायची गरज नाही. हंगाम संपला की त्या नोंदी जिल्हा संघटनेने गोळा कराव्यात, म्हणजे हँडबॉलचे आकडे वापरून बोलायची वेळ आपल्यावर येणार नाही.

ज्या क्लबाला किंवा शाळेला हे व्यायाम प्रत्यक्ष बघायचे असतील, तिथे सुटीच्या दिवशी मी स्वतः येईन. मानधन नको, मॅट नसली तरी चालेल. आधी फक्त एवढं कळवा की मुली किती आहेत आणि त्यांतल्या कोणाच्या गुडघ्याला पूर्वी दुखापत झाली आहे.

आपली,
कबड्डी खेळलेली एक फिजिओथेरपिस्ट